गटाध्ययन आणि बक्षिसे

पहिली-दुसरीच्या वर्गात चार-चार मुलांचे गट पाडून मध्ये एक पाटी ठेवली की गटाध्ययन झाले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. प्रत्यक्षात त्या पाटीवर गटातील हुशार मूलच लिहिते; उरलेली तिघे खिडकीबाहेर पाहत बसतात. बक्षीस मात्र चौघांनाही मिळते! आपण नसलो तरी चालते, एवढेच मागे पडलेले मूल त्यातून शिकते.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट स्लाव्हिन यांनी १९७० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत या दोषावर उपाय सापडतो. मुलांनी गटात मिळून शिकावे; परीक्षा मात्र प्रत्येकाने एकट्याने द्यावी, आणि प्रत्येकाने स्वतःच्या मागील कामगिरीवर केलेल्या प्रगतीचे गुण गटास मिळावेत.

दुसरीत हातच्याची वजाबाकी चालू आहे, असे समजू. १० उदाहरणांपैकी एका मुलीची मागील आठवड्यात २ बरोबर होती, या आठवड्यात ५ आली. तिने गटास ३ गुण मिळवून दिले. ८ वरून ९ वर गेलेल्या मुलाने एकच दिला. (कमाल गुण ३ ठेवावेत, व दहाही उदाहरणे बरोबर आणणाऱ्यास ते पुरते द्यावेत, अन्यथा पुढे असणे हाच त्याचा अपराध ठरेल.) आता नुसते उत्तर सांगून भागत नाही. काड्यांचा दशकाचा गठ्ठा सोडून तो एककांत कसा मिळवावयाचा, हे त्या मुलास तिला समजावून द्यावेच लागते.

बक्षिसाची मर्यादाही ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना मानपत्राचे आमिष आधी दाखविले होते. एक-दोन आठवड्यांनी पाहता, ती मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रे काढीत होती. अनपेक्षितपणे मानपत्र मिळालेल्यांची आवड मात्र उणावली नव्हती. म्हणून गोष्टी, गाणी, चित्रे यांना बक्षिसाचा स्पर्श नसावा. पाढे, वजाबाकी अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामापुरते ते राखावे, आणि तेही पैशाचे नसावे. फळ्याच्या कोपऱ्यात गटाचे नाव, किंवा शनिवारची गोष्ट निवडण्याचा मान एवढे पुरे होते.

गुणांची बेरीज न करता हजर मुलांची सरासरी धरावी. नाही तर सुगीत शेतावर गेलेल्या मुलास परतताच सोबत्यांची बोलणी खावी लागतील.