कंपनांत न सुटणारी पट्टी

चाकणच्या बाजाराला माल घेऊन येणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांवर पूर्वीं जी लोखंडी धांव असे, ती आवळण्यास स्क्रू लागत नसे कीं नट लागत नसे. लोहार ती लांकडी चाकापेक्षां घेरानें किंचित् लहान करी, जाळांत लाल होईपर्यंत तापवी, फुगली म्हणजे चाकावर उतरवी आणि वरून पाणी ओती. निवतांना धांव आकसे व आरे, तुंबा आणि भोंवतालचें लांकूड यांस एकजीव करून टाकी. दगडगोट्यांचे हादरे ती वर्षानुवर्षें खाई. ढिली होई ती बहुधा उन्हाळ्यांत, लांकूड वाळून आंत गेलें म्हणजे. मग गाडीवान चाक ओढ्याच्या पाण्यांत भिजत ठेवी. हादऱ्यांनीं न सुटणारी धांव नुसत्या कोरड्या हवेनें कां सुटते, हें ज्याला उमगलें त्याला पुढील सर्व विषय निम्मा उमगला म्हणावयास हरकत नाहीं.

याच चाकणपासून भोसरी, आकुर्डी, पिंपरी, चिंचवडपर्यंत आज गाड्या बनतात त्या पोलादाच्या. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि पुढें टाटांचे ट्रक व बजाजच्या स्कूटर यांनीं हा मुलूख गजबजून गेला. चाकणची पाळी त्यानंतर आली. या वाहनांवर धांवेची एक धाकटी बहीण जागोजाग बसलेली असते. रबरी नळीला तोटीवर, किंवा एका नळाला दुसऱ्या नळावर आवळून धरणारी ही पोलादी पट्टी. कारखान्यांत तिला क्लॅम्प म्हणतात.

वाहनाच्या किंमतींत तिची किंमत हिशेबांत धरण्यासारखीहि नसते. परंतु मोटारसायकलच्या हवा-गाळणीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरील पट्टी ढिली झाली, तर न गाळलेली धूळ थेट सिलिंडरांत जाते आणि पिस्टनच्या रिंगा झिजूं लागतात. ट्रकच्या टर्बोचार्जरपासून निघणारी हवेची नळी निसटली, तर भरलेल्या ट्रकाची घाटांतील ओढ जाते व तो काळा धूर ओकूं लागतो. आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळावरील पट्टी सुटली, तर शेंकडों अंश तापलेला वायु जवळच्या वायरींवर व इंधनाच्या नळ्यांवर फेकला जातो. तेथें प्रश्न दुरुस्तीचा राहत नाहीं, आगीचा होतो.

लोहाराची धांव काढावयाची नसते. वाहनावरील पट्टी मात्र हवी तेव्हां काढतां आली पाहिजे. म्हणून तिथें स्क्रू आला, आणि स्क्रूबरोबर सारी कटकट आली. इंग्लंडच्या आरमारांतून निवृत्त झालेले कमांडर लम्ली रॉबिन्सन यांनीं १९२१ सालीं पेटंट मिळविलेली ‘जुबिली क्लिप’ ही आजच्या साध्या पट्टीची आजी होय. पट्टीवर तिरप्या खांचा, आणि त्यांत अडकून फिरणारा आडवा स्क्रू. स्क्रूड्रायव्हर फिरवावा तशी पट्टी आवळत जाते. घरांतील वॉशिंग मशीनच्या नळीवरहि पुष्कळदां हीच असते.

आतां स्क्रू म्हणजे दांडीभोंवतीं गुंडाळलेला एक चढ. सहा मिलिमीटर जाडीच्या सामान्य बोल्टचा आटा एका फेऱ्यांत एक मिलिमीटर चढतो, आणि त्या फेऱ्याची लांबी भरते सुमारें सतरा मिलिमीटर. म्हणजे चढ सतरास एक. पोलादावर पोलाद, किंचित् तेलकट असतांनाहि, सात-आठास एक इतक्या उतारावरून सहसा घसरत नाहीं. मग गणिताप्रमाणें आवळलेला नट आपण होऊन कधींच मागें फिरतां कामा नये. तरी तो फिरतो, हें प्रत्येक फिटरला ठाऊक आहे.

हें कोडें पुष्कळ वर्षें चुकीच्या बाजूनें सोडविलें जात होतें. १९४५ सालीं अमेरिकेंत गुडियर व स्वीनी यांनीं बोल्टला त्याच्या लांबीच्या दिशेनें पुनःपुन्हां ताण देऊन पाहिलें; नट मागें फिरे, पण अगदींच थोडा. खरें उत्तर १९६९ सालीं गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानें दिलें. त्यानें जोडलेले भाग आडवे, म्हणजे बोल्टच्या लांबीशीं काटकोनांत, हालविले, आणि नट पाहतां पाहतां मोकळा झाला. याचा दाखला घरींच घेतां येतो. एक लांकडी पाट थोडा तिरपा धरावा व त्यावर नाणें ठेवावें. तें स्थिर राहतें. आतां पाट उताराच्या दिशेनें नव्हे, आडवा झटक्यानें हालवावा. नाणें आडवें सरकूं लागतांच खालींहि उतरूं लागतें. घर्षण ही एकच शिल्लक असते. ती एका दिशेला खर्च झाली कीं दुसऱ्या दिशेला धरून ठेवण्यास कांहीं उरत नाहीं. एका सिलिंडरचें इंजिन मिनिटाला ५,००० फेरे करीत असलें, तर चार तासांच्या प्रवासांत बारा लाख फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यास नट केंसाच्या शतांशाइतका जरी मागें सरकला, तरी तेवढें पुरे होतें.

म्हणून उत्तम रचना ती, कीं जींत आडवें सरकणें मुळांतच होत नाहीं. आणि त्याला उपाय एकच: ताण पुरेसा असला पाहिजे, व तो टिकला पाहिजे. येथें दोन फसवणुकी आहेत. पहिली पान्याची. फिटर जो जोर लावतो त्यांतील सुमारें निम्मा नटाच्या बैठकीखालील घर्षणांत जातो, चार दशांश आट्यांच्या घर्षणांत, आणि बोल्टला ताणण्याच्या कामीं येतो तो जेमतेम एक दशांश. आट्यावर थोडें तेल अधिक किंवा थोडा गंज अधिक असला, कीं टॉर्क रेंचवरचा आंकडा तोच राहून खरा ताण कितीतरी बदलतो.

दुसरी फसवणूक पट्टीची स्वतःची, आणि ती कमी लोकांना ठाऊक असते. दांडग्या बैलाचें दावें खुंट्याला दोन वेढे दिले तर लहान मूलहि धरून ठेवतें, कारण प्रत्येक वेढ्यांत घर्षण ओढ खातें. पट्टीचेंहि तसेंच. घर्षणाचा गुणांक ०·१५ धरला, तर स्क्रूपाशीं १०० किलोंची ओढ असतांना समोरच्या बाजूस, म्हणजे अर्ध्या घेरानंतर, ती सुमारें ६२ किलोच उरते. पुढें गाडी चालूं लागली, कंपनानें पट्टी जागच्या जागीं थरथरली, कीं ओढ सर्वत्र सारखी होते, आणि स्क्रूपाशीं १०० होते तेथें ८० उरतात. नट एक अंशहि न फिरतां पंचमांश ताण गेला! यासाठींच जाणता फिटर मोठी पट्टी आवळतांना तिच्या घेरावर सभोंवार लांकडी अगर रबरी हातोडीनें हलके ठोके देतो व पुन्हां पाना लावतो. बघणाऱ्याला ती जुनी संवय वाटते. त्या ठोक्यांत हें सारें गणित असतें.

ताण टिकणें हा मग लवचिकपणाचा प्रश्न होतो. दहा मिलिमीटर लांबीचा पोलादी बोल्ट चांगला आवळला तरी ०·०२ मिलिमीटरच ताणला जातो. रंगाचा थर दबून किंवा पृष्ठभागावरील बारीक उंचवटे बसून ०·००५ मिलिमीटर जागा झाली, कीं चौथाई ताण संपला. तोच बोल्ट साठ मिलिमीटर लांब असता तर सहापट ताणला गेला असता, आणि तेवढ्याच दबण्यानें शेंकडा चारच गमावता. पट्टीला लांब बोल्ट द्यावा, तो वांकूं नये म्हणून तिच्या टोंकांस फिरत्या खुंट्या बसवाव्या, आणि खालीं रबर असेल तर बोल्टवर बशीसारख्या स्प्रिंग-चकत्यांची रास ठेवावी, या तिन्ही युक्त्या एवढ्यासाठींच. रबर महिनोन्महिने दबत जातें. स्प्रिंग त्याच्या मागोमाग पट्टीला आंत ओढीत राहते. गाडीवान ओढ्यांत चाक भिजवी, तें काम येथें स्प्रिंग करते.

दोन नळांच्या कडा एकत्र धरण्यासाठीं पट्टीच्या आंतून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खांच ठेवतात. पट्टी आवळली कीं खांचेचे उतार दोन्ही कडांना पाचरीसारखे एकमेकींवर दाबतात. हिचा प्रसार करणारी मार्मन कंपनी झेप्पो मार्क्स या हॉलीवूडच्या विनोदी नटाची होती, हें ऐकून गंमत वाटेल. पाचर फार निमुळती केली तर ती रुतून बसते व काढतां येत नाहीं. फार उताराची केली तर पुरेशी दाबत नाहीं. उष्णता निराळीच. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळाच्या कडा पट्टीपेक्षां शंभर अंशांनीं अधिक तापल्या तर घेरांत जवळजवळ ०·४ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तेवढें पट्टीला सोसावें लागतें. म्हणून ‘आणखी आवळा’ हें उत्तर नव्हे. अमेरिकेच्या विमान-प्रशासनानें २०२३ सालीं ठिपक्या-वेल्डिंगनें जोडलेल्या अशा कांहीं पट्ट्या ठराविक उड्डाण-तासांनंतर बदलण्याचा हुकूम काढला, तो त्या ढिल्या पडत म्हणून नव्हे, तडकत म्हणून.

नट फिरूं नये म्हणून बाजारांत उपाय पुष्कळ आहेत, पण त्यांची योग्यता सारखी नाहीं. घरोघरच्या हत्यारपेटींत सांपडणारी चिरलेली स्प्रिंग-वॉशर नट आवळतांच चपटी होते, आणि आडव्या कंपनाच्या कसोटीला बहुधा उतरत नाहीं. तिच्यावरील लोकांचा विश्वास मात्र अढळ आहे. नायलॉनचें कडें असलेला नट चांगला, परंतु धुराच्या नळावर नायलॉन वितळावयाचें. तेथें आटा मुद्दाम किंचित् चेपलेला सबंध धातूचा नट घ्यावा लागतो. पाचर-चकत्यांची जोडी याहून चतुर. तिच्या आंतील उतार आट्याच्या चढाहून उभे असतात, त्यामुळें नट मागें फिरूं लागला तर ताण कमी होण्याऐवजीं वाढतो. पट्टीला दुसरा एक साधा आंकडाहि असावा. नट गळून पडला तरी ती एकदम उघडतां कामा नये.

एवढें सर्व करून शेवटीं कारागीर नटावरून व शेजारच्या बोल्टवरून रंगाची एक सरळ रेघ ओढतो. कांहीं हजार किलोमीटर चालून गाडी परत आली म्हणजे तपासनीस पाना हातीं न घेतां ती रेघ पाहतो. रेघ तुटलेली असेल तर नट फिरला आहे, आणि बदलावयास हवी नट धरून ठेवण्याची युक्ति. रेघ अखंड असून नळीच्या तोंडाशीं ओला डाग दिसला, तर नट निर्दोष आहे; खालचें रबर दबलें आहे, आणि त्या जागीं स्प्रिंगची पट्टी हवी.