चिखलवाटा : मागचं पॅड आधी का संपतं?

आज खरं तर पुढच्या डिस्कच्या आकाराबद्दल लिहायचं ठरलं होतं. पण सावंतवाडीच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि आकाराचा विषय आठवडाभर थांबला तरी चालेल असं वाटलं. त्यांच्याकडे एक्सपल्स २०० आहे. भर पावसात आंबोलीकडच्या कच्च्या वाटांवर दिवसभर गाडी फिरवली आणि संध्याकाळी मागून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. पॅड नुकतंच बदललेलं होतं. दुकानदाराचं म्हणणं, माल चांगला आहे, तुम्हीच पाय पेडलवर ठेवून चालवता.

पाय पेडलवर राहत असेलही. उतारावर तो आपोआप जातो. पण पॅड खाल्लं ते चिखलाने. डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे ओढून घेणारी स्प्रिंग नसते. पेडल सोडलं की पिस्टनभोवतीची रबरी सील पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते, एवढंच. त्या केसभर फटीत लाल मातीचं पाणी आणि बारीक खडी शिरली की ब्रेक न दाबताही सहाणेवर चंदन उगाळावं तसं पॅड उगाळून निघतं. मागच्या कॅलिपरवर तर मागचं चाक स्वतःच चिखल फेकत असतं. त्यात ते पॅड रेझिनचं, म्हणजे ज्याला बाजारात ऑरगॅनिक म्हणतात तसलं असेल, तर एका दिवसात संपणं अजिबात नवलाचं नाही. या पॅडमध्ये तंतू आणि भुकटी रेझिनने बांधलेली असते आणि वाळूपुढे रेझिनचा टिकाव लागत नाही.

कोकणातल्या पावसाळ्यासाठी माझं उत्तर सिंटर्ड पॅड. तांब्याच्या मिश्रणाची धातूची भुकटी दाबून, तापवून कण एकमेकांत सांधलेले असतात, त्यात रेझिन नसतंच. ओल्यात पकड टिकते आणि झीज कितीतरी कमी. किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, डिस्क लवकर झिजते. दोन, उष्णता कॅलिपरकडे जास्त जाते, म्हणून ब्रेक ऑइल जुनं, पाणी शोषलेलं असेल तर लांब उतारावर ते उकळून पेडल खाली बसू शकतं. पॅडबरोबर ऑइलही बदला, हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी सांगणार आहे.

घेताना पॅडच्या पाठीवरची पट्टी उलटून पाहा. तिथे बऱ्याचदा ‘एचएच’, ‘जीजी’ अशी इंग्रजी अक्षरांची जोडी असते. पहिलं अक्षर कमी तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ‘जी’ म्हणजे घर्षणांक ०.४५ ते ०.५५, ‘एच’ म्हणजे त्याहून वर. गिऱ्हाइकाला वाटतं एचएच म्हणजे सर्वांत टिकाऊ. ही अक्षरं झिजेबद्दल एक शब्दही सांगत नाहीत! शिवाय एक्सपल्स २०० ला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. ओल्या मातीत मागचं पॅड फार झटकन पकडणारं असेल तर चाक जाम होऊन शेपटी घसरते. म्हणून मागच्या चाकाला मी अक्षरांच्या मागे लागत नाही, मातीत चालवायलाच बनवलेलं सिंटर्ड पॅड मागतो. ईबीसी कंपनीच्या पॅडच्या नंबराशेवटी ‘आर’ असेल तर ते तसलं, ‘टीटी’ असेल तर ते कार्बनवालं.

आता माझा लाडका विषय : बिनभोकांची मागची डिस्क. भोकांमुळे वजन घटतं आणि डिस्कवरचं पाणी पुसलं जातं, हे खरं. पण चिखलात प्रत्येक भोकाची कड पॅडला किसते आणि भोकात बसलेली खडी थेट पॅडखाली नेऊन सोडते. म्हणूनच चिखलात शर्यती करणारे कित्येक जण मागे सपाट, बिनभोकांची डिस्क लावतात. ओढा ओलांडल्यावर तिचा पहिला दाब थोडा बोथट लागतो, वजनही वाढतं. मागच्या चाकाला मला दोन्ही चालतं. मात्र आपल्या मॉडेलच्या मापाची मिळाली तरच घ्या; एक्सपल्सची मागची डिस्क २२० मि.मी. आहे, पण बोल्टच्या भोकांचं अंतर आणि मधला व्यासही जुळायला हवा.

डिस्क बदलायची वेळ झाली का, हे तिच्यावरच कोरलेलं असतं : किमान जाडी. मोटोक्रॉसच्या बऱ्याच गाड्यांची मागची डिस्क नवी असताना ४ मि.मी. असते आणि ३.५ ला बाद होते. मोजताना व्हर्नियरचे जबडे बाहेरच्या कडेवर टेकवू नका. तिथे पॅड लागत नाही, त्यामुळे न झिजलेला काठ उरतो आणि माप खोटं येतं. पॅड फिरतं त्या पट्ट्यात, चार-पाच जागी, मायक्रोमीटरने मोजा.

सावंतवाडीकरांनी आणखी एक पाहावं. काढलेली दोन्ही पॅडं शेजारी ठेवावीत. एक जाड, एक पातळ, किंवा एकच पॅड पाचरीसारखं तिरकं झिजलेलं असेल, तर कॅलिपरची सरकती पिन चिखलाने अडकली आहे. ती साफ करून ग्रीस लावल्याशिवाय कुठलंही पॅड टिकणार नाही. आणि जुनीच डिस्क ठेवून ऑरगॅनिकवरून सिंटर्डवर जाणार असाल, तर आधी पॉलिश पेपरने जुना थर उतरवा, ब्रेक क्लीनरने धुवा, मग मोकळ्या रस्त्यावर चाळिसावरून दहापर्यंत वेग हळूहळू, पूर्ण न थांबता, पुन्हापुन्हा आणा.

पुढच्या आठवड्यात नक्की पुढची डिस्क : जपानी मोटोक्रॉस गाड्या २७० मि.मी.पर्यंत का गेल्या, ते पाहू.