ढकलून पोहणं येत नाही

सिंगापूरमधल्या मराठी घरांत पोहण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडतं: "आम्हाला कोणी शिकवलं? विहिरीत ढकललं, आलं पोहायला!" सांगणारे तेच, ज्यांना आलं. लहानपणी असंच ढकललेली आणि आज कॉन्डोच्या तलावाकाठी खुर्चीत बसून राहणारी माणसं आपला किस्सा रंगवून सांगत नाहीत.

ढकलल्याने भीती जात नाही. नाकातोंडात पाणी गेलं की मेंदू एवढंच शिकतो की पाणी घातक आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या लहानग्याची सशाची भीती कशी घालवली ते लिहून ठेवलंय: तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा दर वेळी थोडा जवळ आणायचा. शंभर वर्षं झाली, तरी आपण पोरांना ढकलायच्याच गोष्टी करतो! आणि विहिरीचा एवढा अभिमान असेल तर ती गोष्ट पूर्ण सांगा. पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधलेला असायचा, आणि एखादा काका आधीच पाण्यात उतरलेला असायचा.

इथल्या शाळकरी मुलांसाठी २०१० पासून चालणाऱ्या 'स्विमसेफर' कार्यक्रमातही सहा टप्पे आहेत. सुरुवात होते ती पाण्यात नीट उतरण्यापासून आणि पाण्याची सवय होण्यापासून. आपली मुलं हे शिकतात आणि घरी येऊन विहिरीच्या बढाया ऐकतात.

"भीती गेली की क्लास लावेन," हे मोठ्यांचं पालुपद. क्रम उलटा आहे. भीती पाण्यात उतरूनच कमी होते, आणि मोठ्या खंडानंतर ती परत डोकावली तर शिकलेलं वाया गेलं असं नाही. आधीची पायरी पुन्हा करायची.

"माझं अंग जड, मी बुडणारच." छातीत हवा भरलेली असताना बहुतेकांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. घाबरून डोकं वर काढलं की पाय खाली जातात.

"बुडणारा ओरडतोच." बहुधा नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात श्वासच जेमतेम घेता येतो, हाक कुठून मारणार? म्हणून मूल तलावात असेपर्यंत काठावरच्या मोठ्याने फोन बाजूला ठेवावा.