कमिटवरचं नाव कोणाचं?

घरून काम करणाऱ्या टीममध्ये सहकाऱ्याचा चेहरा महिनोन्‌महिने दिसत नाही. दिसतं ते कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या ‘गिट’मधलं त्याचं नाव. कोडमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीवर, म्हणजे कमिटवर, नाव, ईमेल आणि वेळ असते. म्हणून ‘अमक्यानेच हे लिहिलं’ असं सगळे धरून चालतात.

पण गिट ते नाव तपासत नाही. सेटिंगमध्ये जे नाव आणि जो ईमेल भराल, तेच नोंदीवर उमटतं. दुसऱ्याचं भरलं तरी गिट अडवत नाही.

मग प्रत्येक कमिटला असणाऱ्या चाळीस अक्षरी आयडीचं काय? तो एखाद्या कार्यालयाने दिलेला क्रमांक असावा, असा समज असतो, पण तसं नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये गिट घडवलं ते जगभर विखुरलेल्या लिनक्स कर्नलच्या डेव्हलपरांसाठी. तिथे क्रमांक वाटणारा मधला सर्व्हर नको होता. म्हणून मजकूर, आधीची कमिट, नाव, वेळ आणि संदेश यांवरून गणिताने आयडी निघतो. यांतलं एक अक्षर जरी बदललं तरी आयडी बदलतो. नोंदीत नंतर फेरफार झाला तर तो उघडा पडतो. लिहिणारा कोण, हे मात्र आयडी सांगत नाही.

या फरकाची किंमत 2024 च्या मार्चमध्ये कळली. फाइलींचा आकार कमी करणाऱ्या ‘एक्सझेड’ या प्रकल्पात ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मनापासून काम केल्यासारखं दाखवलं, देखभालीची जबाबदारीही मिळवली आणि अखेर 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट घातली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरण्यासाठीच्या ‘एसएसएच’ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे खटकलं आणि प्रकरण बाहेर आलं.

मग टाइमझोनवरून माणूस शोधता येतो का? पुण्यातल्या लॅपटॉपवरून केलेल्या कमिटवर +0530 येतं खरं, पण तेही संगणकाच्या घड्याळातूनच. ‘जिया टॅन’च्या बहुतेक कमिट +0800 च्या होत्या, मोजक्या +0200 आणि +0300 च्या. त्यावरून तर्क लढवता येतात, पत्ता मिळत नाही.

डिजिटल सही असली की निर्धास्त राहावं, हाही गैरसमजच. एक्सझेडच्या त्या आवृत्त्यांवर ‘जिया टॅन’ची सही होती आणि ती खरी होती. ज्याच्याकडे सहीची गुप्त डिजिटल किल्ली आहे त्याने ती केली, एवढंच सहीने सिद्ध झालं.

मग किल्ली कोणाची, हे कसं कळायचं? 2011 मध्ये लिनक्स कर्नलचा कोड जिथे ठेवला जातो त्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्यावर लिनक्सच्या मंडळींनी एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या करण्याची रीत कडक केली. त्यासाठी एरवी फक्त ईमेलवर भेटणारी माणसं परिषदांमध्ये समोरासमोर येतात आणि एकमेकांची ओळखपत्रं तपासतात.