हे तुमच्याकडे आलं कुठून?

रील्स बघता बघता ही क्लिप कधी ना कधी तुमच्यासमोर आली असेल. एक अमेरिकन माजी सैनिक त्याचं जुनं रोलेक्स घड्याळ घेऊन आलाय. हवाई दलात नोकरीला असताना, १९७४ साली त्याने ते ३४५ डॉलर ९७ सेंटला मागवलं होतं. समोरचा तज्ज्ञ सांगतो, अशा घड्याळाला लिलावात चार लाख डॉलरपर्यंत मिळतात. हे ऐकून तो माणूस चक्क जमिनीवर आडवा होतो! सावरून उभा राहतो, तर तज्ज्ञ म्हणतो, माझं अजून संपलेलं नाही. तुमचं घड्याळ पाच ते सात लाख डॉलरचं आहे.

क्लिप इथेच संपते आणि आपण पुढच्या रीलवर जातो. पण भाव एवढा का वाढला? त्या माणसाने घड्याळ कधी हातातच घातलं नव्हतं. पाण्याखाली डायव्हिंग करताना वापरायचं म्हणून घेतलं, पण ते इतकं देखणं निघालं की खाऱ्या पाण्यात न्यायचं मन होईना. मग ते थेट बँकेच्या लॉकरमध्ये गेलं. सोबत खोका, वॉरंटीचे कागद आणि खरेदीची पावतीही. घड्याळ कुठून आलं, कधी आलं, कुणाकडे होतं, याचा पुराव्यासकट हिशेब त्याच्याकडे होता.

ही क्लिप ज्या कार्यक्रमातली आहे त्याचं नाव ‘अँटिक्स रोड शो’. वरवर बघता हा किमतींचा कार्यक्रम. पण सगळा खेळ असतो तो या हिशेबाचा.

टाऊन हॉल ते राजवाडे

मूळ कार्यक्रम बीबीसीचा. १९७७मध्ये इंग्लंडमधल्या हेरफर्ड शहराच्या टाऊन हॉलमध्ये पहिलं चित्रीकरण झालं आणि १९७९पासून तो टीव्हीवर सुरू झाला. आज चार दशकं उलटून गेली तरी चालूच आहे. २००८पासून फिओना ब्रूस त्याचं सूत्रसंचालन करतेय. अमेरिकेत पीबीएस वाहिनीने १९९७मध्ये स्वतःची आवृत्ती आणली. घड्याळवाली क्लिप तिच्यातलीच.

पद्धत साधी आहे. कार्यक्रमाचा ताफा गावोगाव फिरतो आणि एखाद्या किल्ल्यात, जुन्या सरदारी वाड्यात, संग्रहालयात किंवा बागेत दिवसभर मुक्काम ठोकतो. अमेरिकेतली आवृत्ती आधी मोठमोठ्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये व्हायची. २०१८पासून तीही ऐतिहासिक वास्तूंकडे वळली. लोक घरातून वस्तू घेऊन येतात. कुणाच्या पिशवीत बशी, कुणाच्या काखेत तसबीर. चिनी माती, चांदी, दागिने, चित्रं, पुस्तकं, शस्त्रं असे विभाग असतात आणि ज्याची त्याची रांग. तज्ज्ञ वस्तू बघतात, माहिती देतात, किंमत सांगतात आणि फी घेत नाहीत.

कॅमेऱ्यासमोर मात्र मोजकेच येतात. बाकीच्यांनी तासन् तास रांगेत उभं राहून ऐकलेलं असतं ते एवढंच, की वस्तू छान आहे, पण फारशा किमतीची नाही. तरी लोक येतात. कारण आजीच्या कपाटातली ती बशी नेमकी काय आहे, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी नीट समजावून सांगतं.

एक घुबड, एक घोंगडी

१९९०मध्ये नॉर्थहॅम्प्टनला कुणीतरी मातीचं एक घुबड आणलं. चिनी मातीचे जाणकार हेन्री सँडन ते बघून हरखलेच. सतराव्या शतकातला तो जग होता. घुबडाचं डोकं काढलं की त्याचाच पेला व्हायचा. त्यांनी किंमत सांगितली सुमारे २० हजार पौंड आणि घुबडाचं नाव ठेवलं ‘ओझी’. ओझी आज स्टोक-ऑन-ट्रेंटच्या संग्रहालयात आहे.

२००१मध्ये अमेरिकेत टुसॉन शहरात एका माणसाने खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवलेली घोंगडी आणली. ती निघाली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची, नवाहो विणकरांची. अंदाज साडेतीन ते पाच लाख डॉलर. त्याच्या घरात एक गोष्ट सांगितली जायची, की ही घोंगडी किट कार्सन या त्या काळातल्या प्रसिद्ध वाटाड्याने भेट दिली होती. तज्ज्ञ म्हणाला, हे सिद्ध करता आलं तर किंमत आणखी २० टक्क्यांच्या आसपास वाढेल.

थांबून विचार करा. घोंगडी तीच, धागा तोच. फक्त एका वाक्याचा पुरावा हवा होता. एक लाख डॉलरपर्यंतचं वाक्य! पण ज्यांना ते खात्रीने सांगता आलं असतं ती माणसं कधीच गेली होती आणि कागद कुणी केला नव्हता.

तज्ज्ञही चुकतात

हिशेब नसला तर काय होतं, त्याचाही किस्सा आहे. २०१६मध्ये अमेरिकेतल्या कार्यक्रमात वेडेवाकडे चेहरे कोरलेला मातीचा एक जग आला. मालकाने तो ३०० डॉलरला घेतला होता. तज्ज्ञाने तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा वगैरे ठरवला आणि किंमत सांगितली ३० ते ५० हजार डॉलर. भाग टीव्हीवर दिसला आणि एका प्रेक्षकाने तो जग ओळखला. तो १९७०च्या दशकात ओरेगनमधल्या एका शाळकरी मुलीने हायस्कूलच्या मातीकामाच्या वर्गात बनवलेला होता! अंदाज तीन ते पाच हजार डॉलरवर आला. कार्यक्रमाने ही दुरुस्ती उघडपणे जाहीर केली, हे महत्त्वाचं.

दुसरा किस्सा इतका गमतीचा नाही. अमेरिकेतल्या पहिल्याच मोसमात एका माणसाने जुनी तलवार आणली आणि लहानपणी आपण हिने कलिंगडं कापायचो, असं सांगितलं. पुढे उघड झालं, की हा प्रसंग दोन तज्ज्ञांनी आधीच ठरवून घडवला होता. त्याच दोघांनी टीव्हीवरच्या नावाचा वापर करून काही घराण्यांकडून यादवी युद्धाच्या काळातल्या वस्तू कमी किंमत सांगून लाटल्या. २००१मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. गोष्टीने किंमत वाढते, म्हणूनच खोटी गोष्ट रचणारेही असतात. जो विकत घेणार आहे त्यानेच किंमत सांगितली, तर दुसऱ्या ठिकाणी विचारून बघा.

आणि किंमत एकच नसते. लिलावात काय येईल ती वेगळी, दुकानात काय लावतील ती त्याहून जास्त आणि विम्यासाठी धरतात ती साधारण सगळ्यात चढी. ‘पन्नास लाखांची वस्तू’ म्हटलं की त्यातली कुठली, हे विचारायचं.

कधी कधी किंमत सांगायचीच नसते. बीबीसीच्या कार्यक्रमात एकदा पश्चिम आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराशी जोडलेली हस्तिदंताची एक वस्तू आली. तज्ज्ञ रॉनी आर्चर-मॉर्गन यांनी तिचा इतिहास सविस्तर सांगितला आणि भाव सांगायला नकार दिला.

आपल्या माळ्यावर काय आहे?

आता जरा आपल्या घरात डोकावू. पानाचा डबा, अडकित्ता, समई, घंगाळ, कुंकवाचा करंडा. यात काय जपायचं, असं वाटत असेल तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात चक्कर मारा. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर नेमक्या अशाच घरगुती वस्तू गोळा केल्या, वीस हजारांच्या वर. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं.

आपल्याकडे तर हिशेब वस्तूवरच कोरलेला असतो. भांड्यांवर नाव घालायची पद्धत आठवा. ‘चि. सौ. कां. सुमन हिच्या विवाहाप्रीत्यर्थ मामांकडून’ आणि खाली तारीख, असं काहीसं. कोणी, कोणाला, कधी, का, हे सगळं एका ओळीत. रोड शोचे तज्ज्ञ ज्यासाठी जीव टाकतात ते आपल्या पातेल्यावर लिहिलेलं असतं! आणि हीच भांडी आपण मोडीत घालतो. तिथे ती किलोवर जातात. नावाला वजन नसतं.

ट्रंकेत मोडीतले कागद असतील तर वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत टाकू नका. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव, घरोघर हिंडून असलेच कागद मिळवत होते. त्यातूनच ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड उभे राहिले.

कायदाही माहीत असू द्या. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षं जुनी वस्तू आणि महत्त्वाचं असेल तर ७५ वर्षं जुनं हस्तलिखित पुरावशेषात मोडतं. ते खासगी माणसाला देशाबाहेर नेऊन विकता येत नाही आणि त्यातल्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. त्यामुळे ‘परदेशात याचे लाखो मिळतील’ असं कुणी म्हणालं तर सावध व्हा.

हे करून बघा

• वस्तूचे चारही बाजूंनी आणि बुडाचे फोटो काढा. शिक्का, नाव, तारीख असेल तर जवळून काढा.

• घासूनपुसून, पॉलिश करून चकाचक करू नका. वस्तूवर चढलेला काळाचा रंगही पुरावाच असतो.

• आजी-आजोबांना विचारा: हे कोणाचं? कुठून आलं? कशासाठी वापरायचे? त्याआधी कोणाकडे होतं? फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी लिहून काढा.

• नक्की माहीत असलेलं आणि ‘म्हणे’वालं वेगळं लिहा.

दिवाळीआधी घर आवरायला निघेल, तेव्हा माळ्यावरची भांडी खाली उतरवायचं काम तुमच्याकडेच येईल. एकेक भांडं उजेडात धरून काठ बघा. नाव दिसलं तर ते भांडं घेऊन घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशेजारी जाऊन बसा. चिंचेने घासायला संध्याकाळ आहेच.