निळ्या खोक्याची जन्मकथा

एखादी मालिका साठ वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी असली, की ती कुणा प्रतिभावंताला एका रात्रीत सुचली असणार असं आपण धरून चालतो. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’चं तसं झालं नाही. तिची सुरुवात चक्क एका कार्यालयीन अहवालातून झाली.

१९६२ साली बीबीसीनं आपल्या काही माणसांना विज्ञानकथा वाचायला बसवलं. यातून टीव्हीसाठी काही करता येईल का, हे त्यांनी सांगायचं होतं. त्यांनी सल्ला दिला, तो असा: बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत, पत्र्याचे यंत्रमानव मुख्य पात्र म्हणून नकोत, काळप्रवासासारख्या कल्पना मात्र चालतील. कागद फायलीत गेला.

मग सिडनी न्यूमन हे कॅनडातले गृहस्थ नाट्यविभागाचे प्रमुख म्हणून आले. त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी व्यावहारिक होता. शनिवारी संध्याकाळी आधी खेळांचा कार्यक्रम असे, नंतर तरुणांच्या गाण्यांचा. मधल्या वेळात प्रेक्षक उठून जात. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना बसवून ठेवील असं काहीतरी तिथे हवं होतं. काळात मागेपुढे जाणारा एक विक्षिप्त म्हातारा, त्याची नात, आणि तिचे इतिहास व विज्ञान शिकवणारे दोन शिक्षक अशी जुळणी ठरली. म्हणजे करमणुकीबरोबर थोडं शिक्षणही!

यान कसं दाखवायचं? पैसा बेताचा. लंडनच्या रस्त्यांवर तेव्हा पोलिसांचे निळे खोके असत, आत टेलिफोन. लेखक अँथनी कोबर्न यांना तो खोकाच यान म्हणून सुचला. यान जिथे जाईल तिथलं रूप घेतं, पण त्यात बिघाड झाल्यानं ते खोक्याच्याच रूपात अडकलं, अशी सबब कथेत घातली. दर वेळी नवं यान बांधायचा खर्च वाचला. आतून मात्र ते बाहेरच्यापेक्षा कितीतरी मोठं! गरिबीतून निघालेली इतकी सुंदर कल्पना मला दुसरी आठवत नाही.

निर्मातीपद न्यूमन यांनी व्हेरिटी लॅम्बर्ट यांना दिलं. वय २७. बीबीसीच्या नाट्यविभागात त्या वेळी दुसरी स्त्री-निर्माती नव्हती. दिग्दर्शक वारिस हुसेन २४ वर्षांचे, जन्म लखनौचा. ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ ही कादंबरी लिहिणाऱ्या अतिया हुसेन यांचे ते चिरंजीव. मी मराठीत कविता लिहितो म्हटलं, की “उर्दूत का नाही?” असं मला आजही विचारतात, त्यामुळे लखनौचा हा मुलगा लंडनच्या स्टुडिओत काय करत होता, याचं कुतूहल मला जरा जास्तच. तो तिथे आदिमानवांची गोष्ट चित्रित करत होता! केंब्रिजला शिकलेल्या हुसेन यांना त्या कातडी पांघरलेल्या टोळीचं फारसं प्रेम नव्हतं. पण काम त्यांनी मन लावून केलं.

त्यांना मिळालेला लाइम ग्रोव्हचा ‘डी’ स्टुडिओ जुना आणि अडचणीचा. दिव्यांनी तो इतका तापे, की आग विझवायचे फवारे आपोआप सुरू होत. तिथे २७ सप्टेंबर १९६३ रोजी पहिला भाग चित्रित झाला. यानाची दारं नीट बंद होईनात. विल्यम हार्टनेल यांचा डॉक्टर फारच तुसडा वाटला. न्यूमन यांनी भाग पाहिला आणि नापसंत केला. पण या दोघांना त्यांनी घरी पाठवलं नाही. पुन्हा करायला सांगितलं. नव्या वरिष्ठानं नवख्यांना दिलेली ही दुसरी संधी मला फार मोठी वाटते. तीन आठवड्यांनी, १८ ऑक्टोबरला, तोच भाग पुन्हा उभा राहिला. डॉक्टर थोडा मवाळ झाला, नात थोडी माणसांतली झाली.

शीर्षकसंगीताची गोष्ट वेगळीच. रॉन ग्रेनर यांनी एका पानाएवढी स्वररचना लिहून दिली. डेलिया डर्बिशायर यांनी ती यंत्रांच्या आवाजांतून घडवली. एकेक स्वर टेपवर घ्यायचा, जितका वेळ तो हवा तितक्या लांबीची टेप कापायची, आणि तुकडे जोडायचे. आम्ही वृत्तात मात्रा मोजतो तसंच, फक्त हातात ब्लेड! ग्रेनर यांना मानधनाचा अर्धा वाटा त्यांना द्यायचा होता. नियमांनी तो देऊ दिला नाही. पडद्यावर त्यांचं नाव आलं ते २०१३ साली, त्यांच्या निधनानंतर बारा वर्षांनी. यान निघतानाची घरघर ब्रायन हॉजसन यांनी मोडक्या पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून मिळवली.

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला गेला. आदल्या दिवशी केनेडींची हत्या झालेली. लोकांचं चित्त कुठे ठिकाणावर असणार? आठवड्यानं तो भाग पुन्हा दाखवावा लागला.

आणि दुसऱ्याच कथेत टेरी नेशन यांनी डालेक आणले: पत्र्याच्या कवचातले, खरखरीत आवाजाचे. बटबटीत डोळ्याचे राक्षस नकोत म्हणणारे न्यूमन भडकले. लॅम्बर्ट यांनी आपली बाजू सोडली नाही. कथा संपेपर्यंत प्रेक्षक एक कोटीच्या वर गेले. तेव्हा, ही मालिका तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते, अशी कबुली देऊन न्यूमन बाजूला झाले.