खेळाडू कोणाच्या मालकीचा?

गुढीपाडव्याला सालगड्याचे साल संपते. समजा, एका गड्याने वर्षभर इमानाने काम केले. घेतलेली उचलही फिटली. पाडव्याला धनी म्हणाला, "पुढच्या साली पाव पगारावर राहा. नको असेल तर दुसरीकडे जा. पण तुला जो ठेवील, त्याने आधी मला पैसे मोजले पाहिजेत."

तुम्ही काय म्हणाल? "साल संपले, हिशेब मिटला, आता कसले पैसे? हा माणूस आहे की बैल?" असेच म्हणाल ना?

युरोपात एका खेळाडूवर अगदी अशीच पाळी आली. तो गप्प बसला नाही, कोर्टात गेला. त्याचीच ही हकिगत आहे.

आपल्याकडे कुस्ती आणि कबड्डी, तसा युरोपात फुटबॉल. तिथे गावोगावी फुटबॉलचे क्लब आहेत. मोठे क्लब पगार देऊन खेळाडू ठेवतात. लोक तिकीट काढून सामने बघतात. म्हणजे खेळाडूची ती नोकरीच झाली. नोकरी म्हटली की कागद आला. किती वर्षे खेळायचे, पगार किती, हे त्या कागदावर लिहितात. त्याला करार म्हणतात.

पण तिथे एक जुना रिवाज होता. करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. नव्या क्लबाने जुन्या क्लबाला रक्कम द्यायची, मगच खेळाडू हलणार.

बेल्जियम हा युरोपातला एक लहान देश. तिथल्या लिएज शहरातल्या एका क्लबात जाँ-मार्क बोस्मन नावाचा खेळाडू होता. त्याला महिन्याला सुमारे 1,20,000 फ्रँक मिळत. फ्रँक हे बेल्जियमचे त्या वेळचे नाणे. 1990 साली त्याचा करार संपत आला. क्लब म्हणाला, "पुढच्या वर्षी 30,000 फ्रँक घे." म्हणजे पगार पावपट! बोस्मनने नकार दिला.

मग क्लबाने त्याची किंमत लावली, 1 कोटी 17 लाख 43 हजार फ्रँक. एवढे पैसे कोण देणार? पुढे शेजारच्या फ्रान्स देशातला डंकर्क गावचा क्लब त्याला घ्यायला तयार झाला. एका वर्षासाठी 12 लाख फ्रँक द्यायचे ठरले. पण डंकर्कवाले पैसे देतील की नाही, अशी शंका लिएजच्या क्लबाला आली. त्याने परवानगीचा कागद पाठवायची व्यवस्थाच केली नाही. ठरलेले मोडले. वर क्लबाने बोस्मनला खेळायची बंदी केली. जुने काम गेले आणि नवेही मिळेना.

ऑगस्ट 1990 मध्ये बोस्मनने दावा लावला. बेल्जियमच्या कोर्टाने त्यातला कायद्याचा प्रश्न लक्झेंबर्गच्या मोठ्या कोर्टाकडे पाठवला. त्या कोर्टाकडेच का? युरोपातल्या काही देशांनी 1957 साली रोम शहरी एक तह केला होता. एका सभासद देशातल्या कामगाराला दुसऱ्या सभासद देशात कामाला जाता यावे, असे त्यात लिहिले होते. त्या तहाचा अर्थ लावणे हे लक्झेंबर्गच्या कोर्टाचे काम.

क्लबवाल्यांची बाजूही ऐका. ते म्हणाले, "लहान क्लब पोरांना शिकवून तयार करतात. त्याचा खर्च कुठून काढायचा? ही रक्कम बंद झाली तर श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू ओढून नेतील." हे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

15 डिसेंबर 1995 रोजी निकाल लागला. कोर्ट म्हणाले, लहान क्लब जगावेत हे खरे, पण त्याला हा उपाय नव्हे. रिवाज चालू असतानाही श्रीमंत क्लब चांगले खेळाडू नेतच होते. खेळाडू हाही कामगारच. सभासद देशातल्या खेळाडूचा करार संपला, तर दुसऱ्या सभासद देशातल्या क्लबाकडून त्याच्याबद्दल पैसे मागता येणार नाहीत. सामन्यात परदेशी खेळाडू इतकेच, अशी मर्यादा होती. तीही सभासद देशांच्या खेळाडूंना लावायची नाही, असे ठरले.

नीट लक्षात घ्या. निकाल होता तो संपलेल्या कराराबद्दल. चालू करार मोडून निघून जा, असे काही कोर्टाने सांगितले नाही.

पुढे काय झाले? चांगल्या खेळाडूंचे पगार वाढले. जुन्या क्लबाला द्यायचे पैसे आता खेळाडू स्वतःसाठी मागू लागले. क्लब लांब मुदतीचे करार करू लागले, कारण मुदतीच्या आतच रक्कम मागता येते. पण क्लबवाल्यांची भीतीही थोडी खरी ठरली. श्रीमंत क्लब आणखी जोरात आले, लहान क्लबांची ओढाताण झाली. म्हणून 2001 साली फिफा या फुटबॉलच्या जागतिक संस्थेने नवे नियम केले. तरुण खेळाडूला ज्या क्लबांनी शिकवले, त्यांना भरपाई द्यायची सोय त्यात केली. कायद्याने एकाचा अन्याय दूर केला, की दुसऱ्याचे नुकसान होते का, हेही बघावे लागते.

आणि बोस्मन? निकाल लागला तेव्हा तो 31 वर्षांचा होता. खेळायची ऐन उमेदीची वर्षे कोर्टकचेरीत गेली. झाड त्याने लावले, फळे मागून आलेल्यांनी खाल्ली.

आपण काही फुटबॉल खेळणारे नाही. पण कागद आपल्याही पुढे येतो. कधी सालाचा, कधी कर्जाचा, कधी मुकादमाच्या उचलीचा. तुम्ही आता अक्षर शिकला आहात. सही करण्याआधी कागद स्वतः वाचा. मुदत कधी संपते? मुदत संपल्यावर आपण मोकळे होतो का? हे दोन प्रश्न विचारा. कागदाची एक नक्कल घरी ठेवा. मगच सही करा.